परत ये, संदेश!

आमच्या घरात कुठलंही भांडण पत्रक निघाल्याशिवाय अधिकृत होत नसे.

हे बाबांमुळे. बाबा विलायतेत, हाउन्सलोला, विमानांसाठी जेवण बनवणाऱ्या एका मोठ्या किचनमध्ये कामाला होते आणि तिथल्या युनियनची पत्रकं तेच लिहायचे. मशिनवरच्या धोक्याच्या सूचना कामगाराला त्याच्या भाषेत मिळाल्याच पाहिजेत, ही त्यांची सगळ्यांत गाजलेली मागणी. ती मान्य झाली त्याच आठवड्यात मी जन्मले, म्हणून माझं नाव क्रांती ठेवण्यात आलं. (आईला मधुरा हवं होतं. पण तिनं तसं पत्रक काढलं नाही, त्यामुळे त्यावर विचार झाला नाही.)

तेव्हा चोविसाव्या वर्षी मी माझ्या सख्ख्या मामेभावाविरुद्ध पत्रक काढलं, याचं घरात कुणालाच नवल वाटलं नाही. धक्का बसला तो मथळ्याचा. मथळा होता – 'फितुराला ओळखा!'

फितूर म्हणजे संदेश. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, सहा फूट उंच, आणि स्वभाव असा की बसमध्ये त्याच्या पायावर कुणी पाय दिला तर हाच सॉरी म्हणणार. तो आमच्या हाउन्सलो हेरॉन्स या संघात अमेरिकन फुटबॉल खेळायचा. हा फुटबॉल पायानं खेळत नाहीत. साधारण नारळाच्या आकाराचा चेंडू एकानं लांब फेकायचा, दुसऱ्यानं पळत जाऊन तो झेलायचा आणि शेवटची रेघ ओलांडायची. त्याला टचडाउन म्हणतात. फेकणारा होता डेक्लन नावाचा आयरिश प्लंबर. झेलणाऱ्याला रिसीव्हर म्हणतात, आणि आमचा रिसीव्हर संदेश. बघायला तीसएक माणसं यायची, त्यातली अर्धी आमच्या नात्यातली. मोबाइलमध्ये कॅमेरा असणं ही तेव्हा मिरवायची गोष्ट होती, आणि तो कॅमेरा बाहेर काढावा असं आमच्या मैदानावर काही घडत नसे.

कारण संदेश झेलायचाच नाही. म्हणजे झेलायला तो तिथे असायचाच नाही! डेक्लन चेंडू एकीकडे टाकायचा आणि संदेश भलतीकडे, पंधरा पावलं पुढे, जीव खाऊन पळत असायचा. दोन सीझन हे चाललं. लोक हुर्यो करू लागले. मग एक दिवस तो गुपचूप ईलिंग ऑटर्सकडे गेला. ईलिंग! आमचे कट्टर शत्रू! आणि तिथे पहिल्या सहा सामन्यांत त्यानं अकरा टचडाउन केले.

ही बातमी हाउन्सलोत पसरली आणि आमच्या स्वयंपाकघरात रोज संध्याकाळी परिषद भरू लागली. पुण्याहून व्हिसावर आलेले आणि एका बँकेत सॉफ्टवेअरचं काम करणारे मिलिंद पेठे लॅपटॉप घेऊन यायचे. आमच्या मैदानाला डावीकडे उतार आहे आणि ईलिंगच्या मैदानाला नाही, हे त्यांनी तीन रंगांच्या आलेखात सिद्ध केलं होतं. आईचं मत असं की मामीनं त्याला तूप देणं बंद केलं असणार, म्हणून तो हलका झालाय. बाबांचं म्हणणं, मालक वाईट असेल तर कामगाराला दुसरीकडे जायचा हक्क आहे, यात फितुरी कसली?

मी म्हणाले, आम्ही मालक नाही, आम्ही चळवळ आहोत!

माझा संताप इतका का, हे सांगायला हवं. हेरॉन्समध्ये माझा जीव गुंतला होता. संघासाठी गुप्त खुणांची भाषा तयार केली होती ती मी. कल्पना साधी होती. डेक्लननं मैदानावर मराठीत ओरडायचं, म्हणजे समोरच्या संघाला ओ की ठो कळणार नाही. शब्द चारच होते: डावीकडे, उजवीकडे, सरळ, परत. परत म्हणजे पुढे पळत सुटायचं आणि एकदम मागे फिरायचं. चेंडू मागे आलेला असणार. डेक्लनची ही सगळ्यांत लाडकी चाल. चारही शब्द आणि त्यांचे इंग्रजी अर्थ कार्डावर लिहून, लॅमिनेट करून मी डेक्लनला दिले. त्यानं ते व्हॅनमध्ये लावले आणि नळ दुरुस्त करताना पाठ केले. 'उजवीकडे' हा शब्द तो पेठ्यांपेक्षा स्वच्छ उच्चारायचा.

संदेशला मात्र मी कार्ड दिलं नाही. मराठी मुलाला मराठी शब्दांचा इंग्रजी अर्थ लिहून द्यायचा? हा त्याचा, त्याच्या आईवडिलांचा आणि भाषेचा अपमान झाला असता! शिवाय तो माझाच विद्यार्थी होता. मराठी मंडळाच्या रविवारच्या वर्गात दोन वर्षं मी त्याला शिकवलं होतं. खणखणीत वाचायचा. (अर्थ विचारायची पद्धत माझ्या वर्गात नव्हती. त्यात वेळ जातो.)

तर पत्रक निघालं. मी ते मैदानावर वाटलं, मंडळाच्या हॉलमध्ये वाटलं, आणि वेम्बलीच्या वाणसामानाच्या दुकानात शेवयांच्या पाकिटांशेजारी ठेवून आले. तिथे नेमकी मामी शेवया घ्यायला आली.

मामीचा फोन आईला आला. मी शेजारून फक्त आईचं 'हो गं… नाही गं… लहान आहे गं ती' ऐकलं. मामीचं म्हणणं थोडक्यात असं होतं, की क्रांतीनं शब्द परत घ्यावेत, तोपर्यंत मामाच्या घराची पायरी कुणी चढू नये. हा फोन आला तेव्हा राखीपौर्णिमा नऊ दिवसांवर होती.

या देशात आईला एकच भाऊ, आणि मला भाऊ म्हणून एकटा संदेश. आईनं मामासाठी राखी आणून देवाजवळ ठेवली होती. रोज सकाळी ती राखी उचलायची, पुसायची आणि परत तिथेच ठेवायची. यापेक्षा तिनं पत्रक काढलं असतं तर परवडलं असतं.

पण लिहिलेला शब्द मागे घ्यायचा, हे माझ्या तत्त्वात बसेना. मी तोडगा काढला. माफी मागायची नाही, त्याऐवजी मोठ्या मनानं हाक द्यायची! चार दिवसांनी हेरॉन्स विरुद्ध ऑटर्स हा सीझनचा शेवटचा सामना होता. मी डबलबेडची पांढरी चादर घेतली आणि लाल रंगानं हातभर अक्षरांत लिहिलं – 'संदेश, परत ये!' तो वाचेल, विरघळेल, निदान रडवेला तरी होईल, मामीचा राग उतरेल, राखी होईल आणि पुढच्या सीझनला रिसीव्हरही मिळेल. बाबांनीसुद्धा मजकूर पास केला. थोडक्यात आहे, म्हणाले.

सामन्याला आम्ही चादरीची दोन टोकं धरून उभे राहिलो, एक मी आणि एक पेठे. पहिल्या दहा मिनिटांतच ईलिंगकडून चेंडू उडाला, संदेश हरणासारखा आला, झेलला आणि अगदी आमच्यासमोर रेघ ओलांडली. टचडाउन! उठून उभा राहिला आणि त्याची नजर चादरीवर गेली. ओठ हलले. तो वाचत होता! मग त्यानं छातीवर हात ठेवला आणि आमच्याकडे बघून मान डोलावली.

"विरघळला," बाबा म्हणाले.

माझे डोळे भरून आले. मी चादर आणखी उंच धरली.

उत्तरार्धात त्यानं त्याच कोपऱ्यात दुसरा टचडाउन केला. या वेळी वळून आम्हाला चक्क कमरेत वाकून नमस्कार केला. पेठे म्हणाले, मन द्विधा झालंय त्याचं, आपण जोर लावला पाहिजे. मग काय! आम्ही सगळे नातेवाईक एका सुरात ओरडू लागलो, "परत ये! परत ये!" डेक्लनची आईसुद्धा आमच्यात सामील झाली. संदेशच्या अंगात वारं शिरलं. दोन जणांना चकवून, एकाच्या अंगावरून उडी मारून त्यानं तिसरा टचडाउन केला, आणि आमच्यासमोर येऊन तीन बोटं दाखवली. भुवया उंचावून, हात हलवून विचारलं: पुरे?

हा अपमान मी आयुष्यात विसरणार नव्हते. आम्ही भावनेनं हाक मारतोय आणि हा मोजून दाखवतोय! सामना आम्ही हरलोच. घरी जाताना बसमध्ये चादर माझ्या मांडीवर होती आणि ड्रायव्हरसकट सगळे तिच्याकडे बघत होते. मी मनातल्या मनात दुसऱ्या पत्रकाचा मथळा जुळवत होते.

ते लिहिलं नाही, ते फक्त आईमुळे. राखीच्या दिवशी ती निळी साडी नेसली, नारळीभाताचा डबा घेतला आणि मला म्हणाली, "मी भावाकडे निघालेय. दार उघडायचं की नाही, ते तुझ्या तोंडात आहे."

आई, बाबा आणि मी मामाकडे, ईलिंगला गेलो. दार मामीनं उघडलं, पण अर्धंच. मागे मामा अवघडून उभा, आणि सोफ्यावर गुडघ्याला बर्फ लावून संदेश.

"वन्सं, तुम्ही या," मामी आईला म्हणाली. "क्रांती, तू तिथेच थांब. आधी शब्द परत घे."

आईनं माझ्याकडे बघितलं. तिनं डबा दोन्ही हातांनी धरला होता. चोवीस वर्षांत मी कुठल्याही व्यवस्थापनापुढे झुकले नव्हते. पण त्या डब्यापुढे माझी सगळी तत्त्वं गळाली.

"संदेश," मी पायपुसण्यावर उभी राहून म्हणाले, "तुला मी फितूर म्हटलं. मी माझे शब्द परत घेते."

संदेश दचकला. बर्फाची पिशवी खाली पडली.

"नको ना ताई, प्लीज," तो म्हणाला. "एकदा बास झाला."

मामीनं मागे वळून विचारलं, "काय एकदा बास झालं?"

"फितूर. ताई परत बोलणार म्हणते. वन्स वॉज बॅड इनफ."

मला वाटलं, चेष्टा करतोय. पण संदेश चेष्टा करत नाही, त्याला ती जमत नाही. बाबांच्या मात्र काहीतरी लक्षात आलं. युनियनच्या बैठकीत एखादं कलम नीट वाचताना ते चष्मा कपाळावर नेतात, तसा त्यांनी नेला.

"संदेश, परत म्हणजे काय रे?"

"अगेन," संदेश म्हणाला. "आई जेवताना विचारते ना, परत वाढू? म्हणजे वरण अगेन."

मामीनं दाराची चौकट धरली.

"मग परवा ती चादर?" मी विचारलं.

"ती बेस्ट होती! संदेश, कम अगेन! माझा स्वतःचा टीम असा कधी बोलला नाही. म्हणून मी आलो ना. अगेन आलो, अगेन आलो. मग मी विचारला पण, पुरे का? तू काही बोललाच नाही."

पेठे तिथे नव्हते हे बरं, त्यांनी लगेच आलेख काढला असता. मी शेवटचा प्रश्न विचारला, आणि विचारतानाच उत्तर मला दिसू लागलं होतं. हाउन्सलोला असताना डेक्लन 'परत' ओरडायचा, तेव्हा?

"तेव्हा मी आधीचा रन परत करायचो. सेम रन, फुल स्पीड. पण डेक्लनचा थ्रो नेहमी शॉर्ट पडायचा." संदेशनं आवाज खाली आणला. "मला वाटला त्याचा खांदा गेलाय. लोकांना सांगितला तर त्याला काढतील. म्हणून मी कुणाला बोललो नाही. मीच गेलो."

म्हणजे दोन सीझन हा मुलगा एका प्लंबरचा खांदा वाचवायला शिव्या खात होता, आणि मी त्याला फितूर म्हणून छापलं होतं! शेवयांशेजारी!

"ईलिंगला काय ओरडतात रे?" मामानं पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"बॅक," संदेश म्हणाला.

आधी आई हसली. मग मामी हसली, आणि तिचा हात सुटून दार आपोआप पूर्ण उघडलं. मी आत गेले आणि संदेशच्या मनगटावर राखी बांधली. झेल घेऊन घेऊन त्याची बोटं सुजली होती. मी पायाशी बसून राहिले, बर्फाची पिशवी त्याच्या गुडघ्यावर धरून. बाबा मला फक्त एवढंच म्हणाले, "सूचना कामगाराच्या भाषेत. बावीस कलमी मागण्यांतलं पहिलं कलम. तू त्या आठवड्यात जन्मलीस."

मामीनं नारळीभात वाढला. संदेशचं ताट रिकामं झालं तेव्हा सवयीनं विचारलं, "परत?" आणि खोलीतले आम्ही सगळेजण त्याच्याकडे बघत राहिलो. त्यानं ताट पुढे केलं.

मी जाहीर माफीचं पत्रक काढलं, दोन्ही भाषांत, आणि पहिली प्रत स्वतः जाऊन शेवयांशेजारी ठेवली. ती कुणीतरी मराठी मंडळात पोचवली. आठवड्यानं मंडळाच्या सेक्रेटरींचं पत्र आलं. 'आपण मुलांचा मराठीचा वर्ग परत घ्यावा, ही नम्र विनंती.'

आई म्हणाली, पुन्हा शिकव म्हणतायत. बाबा म्हणाले, मागे घे म्हणतायत. दोघांचा वाद पत्रकापर्यंत जायची चिन्हं दिसू लागली, तेव्हा या शब्दामुळे ज्याचं सर्वांत जास्त नुकसान झालं होतं त्या एकमेव जाणकाराला मी फोन लावला आणि पत्र वाचून दाखवलं.

संदेशनं बराच विचार केला.

"ताई," तो म्हणाला, "तू त्यांच्याकडून लॅमिनेटेड कार्ड मागून घे."