मोहिते सरांचा नमस्कार

मोहिते सर मूळचे संगमेश्वरचे, पण सुट्टीच्या संध्याकाळी मस्कतच्या एका मॉलमधल्या स्टेज शोमध्ये ते चिनी व्हायचे. काजळाने डोळे तिरके ओढायचे, पांढरी बोकडदाढी चिकटवायची आणि परदेशी सुपरहिरोच्या हातून मार खायचा. "वैनी, चीन मी नकाशातसुद्धा नीट बघितला नाही," ते मला म्हणायचे.

इव्हेंट कंपनीने त्यांना आणलं होतं कराटे शिक्षक म्हणून. हिरो झालेल्या त्या गोऱ्या, धिप्पाड माणसाला लाथ उचलायला सकाळी सरच शिकवायचे आणि संध्याकाळी तीच लाथ खायचे. खेळाची गोष्टही तशीच. पूर्वेकडचा म्हातारा गुरू विद्या देतो, मग उलटतो, आणि हिरो त्याला लोळवतो. "मला बारा वर्षं लागली. ह्याला बारा मिनिटांत येते," सर म्हणायचे.

सोहारच्या एका जिममध्ये त्यांची नोकरी ठरली होती, खरीखुरी, शिकवण्याची. फक्त कंपनीचं ना-हरकत पत्र, एनओसी हवी होती. त्याशिवाय सोडलं तर दोन वर्षं ओमानचं दार बंद. मॅनेजर म्हणायचा, "ईद के बाद, इन्शाल्ला." अशा दोन ईदा गेल्या.

दार्सैतला आमच्या गच्चीवर ते मुलांना शिकवायचे. माझी मुलगी इराही त्यात होती. लढतीआधी समोरच्याला वाकून नमस्कार करायचा, नजर जमिनीकडे, हा त्यांचा दंडक. "नजर खाली म्हणजे मी तुझ्यावर विश्वास टाकला." एकदा मॉलमध्येही सवयीने त्यांनी हिरोला नमस्कार केला. त्याने वाकलेल्या मानेवरच लाथ हाणली. लोक पोट धरून हसले.

"मास्टर, ये झुकनेवाला अब हर शो में रखो," मॅनेजर म्हणाला. पुढच्या खेळाला सर वाकले नाहीत. मॅनेजरने एवढंच विचारलं, "सोहार जाना है ना?" त्यानंतरच्या खेळाला सर वाकले. मला मॅनेजरचा संताप आला आणि सरांचाही आला, हे कबूल करते. इरा माझ्या शेजारी बसून बघत होती.

एनओसी मिळाली नाहीच. एवढं हसवणाऱ्या माणसाला कंपनी कशाला सोडेल?

त्याच आठवड्यात गच्चीवर इरा सरांसमोर उभी राहिली. कमरेत वाकली, पण मान ताठ आणि डोळे सरांवर रोखलेले. मी दारातूनच म्हणाले, "इरा, नजर खाली."

"पण मम्मा, खाली बघितलं की लाथ बसते."

सरांनी मला हातानेच थांबवलं.

"असू दे वैनी," ते म्हणाले. "हे तिला मीच शिकवलंय."