सर्व्हरचा अंगरखा

घरच्या सर्व्हरला मी क्रोशाचं आवरण विणून घातलं होतं. तेव्हा मी पासष्टीची अल्लड बाई होते आणि मला सगळंच कळत होतं.

माझाच जुना कॉम्प्युटर संध्याने, माझ्या लेकीने, कोपऱ्यात सर्व्हर म्हणून लावून दिला होता. घरातले सगळे फोटो, हे गेले त्याआधीचे त्यांचे व्हिडिओ, सगळं त्यात. प्रत्येकाने आपापल्या फोनवर बघावं, परक्या कंपनीच्या दाराशी जायला नको. “आई, ह्याला हवा लागू दे,” एवढंच ती बजावून गेली. मी मान डोलावली आणि दुपारी, धूळ बसू नये म्हणून, सुई घेऊन बसले. माप कसं चपखल बसलं! आतला पंखा घरघरायला लागला, तर मला वाटलं, स्वारी खूश आहे. महिन्याभरात डिस्क भाजून निघाली.

आज शेजारणीच्या फ्रिजच्या मुठीला झालर दिसली आणि डोक्यात तिडीक गेली. काय आमची ही खोड! सोफ्यावर चादर, चादरीवर टॉवेल, रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत. चांगले कप पाहुण्यांना, आपल्याला कान तुटलेले. जपतो जपतो म्हणत जीव घेतो आम्ही वस्तूंचा.

ह्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. दुरुस्तीवाल्याने हात टेकले, तेव्हा संध्या ते आवरण मांडीवर घेऊन बसली होती. रागावलीसुद्धा नाही मेली. हलकेच म्हणाली, “आई, धूळ नंतर पुसता आली असती गं.”