कपाचा कान कुणाकडे

स्वयंपाकघरातल्या एका डब्यात रबरबँड साठत जातात ना, कोणी मुद्दाम ठेवत नाही, पण एक दिवस झाकणच लागेनासं होतं? आमच्या ग्रुपचे किस्से तसेच साठलेत. झाकण लागत नाही, म्हणून सांगून टाकते.

आमचा ग्रुप एका सिरियलच्या फॅन लोकांचा. ‘विहिरीपलीकडे’ तिचं नाव. कोकणातलं गाव, विहिरीच्या अलीकडे मृणालचं घर, पलीकडे निशिकांतचं. ती शाळेत शिकवते, तो जनावरांचा डॉक्टर. त्याचं तिच्यावर प्रेम आहे हे गावातल्या म्हशींनासुद्धा माहीत, पण हा माणूस तोंड उघडायचं नाव घेत नाही! सुरुवातीच्याच एका भागात मृणालचा हात भाजतो. निशिकांत तिच्यापुढे चहा ठेवतो आणि गुपचूप कप फिरवून कपाचा कान तिच्या चांगल्या हाताकडे करतो. बस्स. डायलॉग नाही, गाणं नाही. त्या एका कानापायी अमरावतीपासून अकोल्यापर्यंत आम्ही वेडे झालो.

माझं अमरावतीत छोटंसं पार्लर आहे. आयब्रो करता करता गिऱ्हाइकांशी याच गप्पा व्हायच्या, त्यातून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघाला. मग भेटी सुरू झाल्या आणि भेटीची रीत पडली. चहा आला की शेजारच्याचा कप फिरवायचा, कान त्याच्याकडे करायचा आणि म्हणायचं, “कान तुमच्याकडे!” आमच्यात तोच नमस्कार.

आमचे हे एकदा बघून म्हणाले, “मले चहा देतानी कप आपटते, अन् इथं कान फिरवून राहिली!”

ग्रुपच्या अ‍ॅडमिन वलगावच्या मंदाताई. जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झाल्या, पण ते शाळेला कळलंय, त्यांना नाही. ग्रुपवर कोणी एपिसोड न बघता मत दिलं की लगेच मेसेज येतो, “अभ्यास करून बोला!”

तर सिरियलमध्ये निशिकांतची स्कूटर दरीत पडली आणि तो कोमात गेला. मंदाताईंनी गोड सोडलं. “तो डोळे उघडत नाई तोवर साखर बंद!” चहासुद्धा बिनसाखरेचा. तिकडे लेखकाला काही घाई नव्हती. निशिकांत पडून राहिला आणि इकडे मंदाताई वाळल्या.

शेवटी एकदाचे त्याने डोळे उघडले. दुसऱ्याच दिवशी मंदाताईंनी आम्हाला वलगावला पुरणपोळीला बोलावलं. त्यांचे यजमान, आम्ही त्यांना सर म्हणतो, शांत माणूस. मुकाट्याने दोन पोळ्या खाल्ल्या, हात धुतले आणि म्हणाले, “मागच्या साली माह्या मुतखड्याचं ऑपरेशन झालं. तवा हे बाई माह्या उशाशी बसून बालूशाही खात होती!”

मंदाताई अजिबात ओशाळल्या नाहीत. “तुमचे डोळे उघडे होते ना पण!”

बायकांच्या ग्रुपमध्ये एक दिवस एक मेंबर आला. डीपीवर वाघ, नाव विक्की. आम्हाला वाटलं, हा नक्की टवाळकी करायला आलाय. मंदाताईंनी सरळ विचारलं, “आपण कोण? काहून आले?” त्यावर त्याने काही न लिहिता एक व्हिडिओ टाकला. निशिकांतने मृणालकडे जेवढ्या वेळा बघितलंय आणि ती बघताच मान फिरवलीय, ते सगळे तुकडे जोडलेले. मागे नुसता रहाटाचा आवाज. बघता बघता माझ्या हातातला फेसपॅक वाळला. मंदाताईंनी लिहिलं, “बसा.”

विक्की हिवरखेडचा. तिथे त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, विहिरीवरच्या जळक्या मोटरी दुरुस्त करतो. दाराएवढा माणूस, हात तांब्याच्या तारांनी कापलेले, आणि बोलणं जेमतेम. सिरियलमध्ये मृणाल घर सोडून पुण्याला गेली तो एपिसोड त्याने दुकानातच मोबाइलवर पाहिला. तेवढ्यात एक म्हातारे काका आपली मोटर न्यायला आले. बघतात तर विक्की मोटरीवर डोकं ठेवून रडतोय!

“काय झालं रे बाप्पा?”

“मृणाल गेली, काका.”

काकांनी टोपी काढली. शेजारच्या टपरीवाल्याला खूण केली, तोही येऊन बसला. मग काकांनी हळूच विचारलं, “लगन कवा झालं होतं?”

“लगन कुठचं काका! त्यानं तिले सांगतलंच नाई!”

काका उठले, टोपी घातली, मोटर उचलली. जाता जाता म्हणाले, “कोनी का असंना, सांगाले पाहिजे होतं.”

हा किस्सा विक्कीने स्वतः ग्रुपवर सांगितला. त्यावर पहिलं हसू आलं ते स्नेहलचं.

स्नेहल अकोल्याची, मेडिकल स्टोअरमध्ये फार्मासिस्ट. डॉक्टरांचं कोंबडीच्या पायाचं अक्षर वाचणारी पोरगी, तिला निशिकांतच्या मनातलं वाचणं काय अवघड? ती निशिकांत-मृणालच्या गोष्टी लिहायची. सिरियलमध्ये जे होत नाही ते तिच्या गोष्टीत व्हायचं. आणि गंमत म्हणजे तिचा निशिकांत वऱ्हाडीत बोलायचा! “मृणाल, मले टाळून काहून राहिली व?” कोकणातला माणूस, असा कसा बोलेल, असं कोणीतरी विचारलं. स्नेहल म्हणाली, “शुद्ध बोलते तेव्हा तो मले दुसऱ्याचा वाटते.” ते सगळ्यांना पटलं. त्या दिवसापासून आम्ही टीव्हीचा आवाज ऐकायचो आणि मनात वऱ्हाडी करून घ्यायचो.

पण याच स्नेहलचं मंदाताईंशी कडाक्याचं भांडण होतं. भांडण एकच, निशिकांतने बोलावं की नाही. मंदाताई म्हणायच्या, “तोंड देवानं जेवाले नाई दिलं फक्त! बोल म्हणा!” स्नेहल म्हणायची, “ज्याले कान फिरवता येते, त्याले बोलाची गरज नाई. बोलणारे लय भेटतात ताई, ध्यान ठेवणारे नाई भेटत.” अर्धा ग्रुप इकडे, अर्धा तिकडे. विक्की कुठल्या पार्टीत आहे हे कळायला मार्ग नव्हता, कारण तो दोघींच्याही मेसेजला अंगठा द्यायचा.

या वेडाची लागण कुठपर्यंत होती सांगू? माझ्याकडे एक नवरी फेशियलला आली होती. खुर्चीत पडल्या पडल्या होणाऱ्या नवऱ्याला फोन लावला. “एकच विचारते, खरं सांगा. निशिकांत की रोहन?” रोहन म्हणजे मृणालच्या मागे लागलेला तो पुण्याचा श्रीमंत मुलगा, बोलबोल बोलणारा. पलीकडून आवाज आला, “हे कोण आहेत?” आम्ही श्वास रोखला. नवरीने फोन ठेवला, डोळ्यांवरच्या काकड्या नीट केल्या आणि म्हणाली, “जमते. पाटी कोरी आहे.”

आम्ही हुशार होतो हो! निशिकांतची पापणी कितीदा लवली, मृणालने हिरवी साडी कुणासाठी नेसली, रुमाल आधी कुणाच्या खिशात होता, सगळं व्हिडिओ थांबवून थांबवून शोधायचो. आमच्या नजरेतून काही सुटत नव्हतं.

एकदा स्नेहलने सहज लिहिलं की घरातला कूलर बंद पडलाय. पुढच्या भेटीला विक्की हिवरखेडहून एस.टी.ने अकोल्याला आला तो मांडीवर कूलरची नव्याने तार भरलेली मोटर घेऊन. आम्ही म्हटलं, किती चांगला पोरगा! स्नेहलच्या घरी सगळे चहाला बसलो. विक्कीने स्नेहलचा कप फिरवला, आम्ही सगळे ओरडलो, “कान तुमच्याकडे!” आणि आलुबोंडे खायला लागलो. घरी येऊन मी ह्यांना कौतुकाने सांगितलं.

हे म्हणाले, “अकोल्यात मोटर भरनारे मेले का सारे?”

मी म्हटलं, “तुम्हाला भावनेतलं काही कळत नाही.”

स्नेहलच्या बाबांचं जरा सांगायला हवं. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, मितभाषी. खुर्चीत पेपर उघडून बसायचे. आम्ही टीव्ही लावला की पेपराआडून त्यांचा एकच हुकूम यायचा, “आवाज वाढव.” विक्की पहिल्यांदा घरी आला, वाकून “जय भीम, काका” म्हणाला. बाबा म्हणाले, “जय भीम. आवाज वाढव.” त्यांचं-त्याचं बोलणं तेवढ्यावर थांबलं ते थांबलंच.

मग स्नेहलला नागपूरचं स्थळ आलं. मुलगा चांगला, नोकरी चांगली, माणसं चांगली, नावं ठेवायला जागा नाही. ते बघून गेले आणि होकार कळवला. आता उत्तर स्नेहलच्या घरून जायचं होतं. स्नेहलने मला फोन केला. “ताई, सोमवारी सांगाचं आहे. आई म्हणते, नाई म्हणाचं कारण दे. कारण काय देऊ?”

“मनात कोणी आहे का?” मी विचारलं.

ती हळूच म्हणाली, “असलं तरी, त्यानं तर काही म्हटलं नाई ना.”

आणि मी, पापण्या मोजणारी बाई, तिला म्हणाले, “मग हो म्हण. पोरगा चांगला आहे.” माझ्या अकलेला काय झालं होतं कोण जाणे!

त्याच आठवड्यात सिरियल संपणार होती. शेवटचा भाग सगळ्यांनी मिळून पाहायचा, असं ठरलं. स्नेहलचा टीव्ही सर्वांत मोठा, म्हणून तिच्या घरी. रविवारी दुपारी तो भाग परत दाखवणार होते. तोवर कोणी पाहायचा नाही, अशी मंदाताईंची ताकीद होती. वलगावहून त्या सरांना घेऊन आल्या. मी अमरावतीहून. विक्की हिवरखेडहून, इस्त्रीच्या शर्टात, नखातलं ग्रीस घासून काढलेलं.

स्नेहलने ग्रुपवर नागपूरचं सांगितलं होतंच, सगळ्यांनी अभिनंदनाची फुलंही टाकली होती. विक्कीने नेहमीसारखा अंगठा दिला होता. मात्र त्या दिवशी तो कोणाशी एक शब्द बोलला नाही. स्नेहलसुद्धा नाही. आम्हाला वाटलं, सिरियल संपतेय त्याचं दुःख!

शेवटचा भाग लागला. बाबा म्हणाले, “आवाज वाढव.” वाढवला. मृणाल पुण्याहून परतली. विहिरीपाशी दोघं समोरासमोर आले. मंदाताई खुर्चीच्या काठावर, “बोल आता, बोल रे बाप्पा!” निशिकांतने तोंड उघडलं... आणि मिटलं. आत गेला, चहा आणला, कठड्यावर ठेवला आणि कपाचा कान तिच्याकडे फिरवला. समाप्त.

मंदाताई ताडकन उठल्या, टीव्ही बंद केला आणि रिमोट आपल्या पर्समध्ये टाकला. “इतके दिवस मी याच्यासाठी फिकी चहा पेली काय!”

आमच्या, म्हणजे स्नेहलच्या पार्टीच्या बायका मात्र डोळे पुसत होत्या. किती सुंदर, किती सुंदर! मी स्नेहलकडे बघितलं. जिंकली होती ना ती? पण तिचा चेहरा उतरलेला. ती उठून आत गेली आणि सगळ्यांसाठी चहा घेऊन आली. स्नेहलच्या आई तेवढ्यात म्हणाल्या, “उद्या सकाळी नागपूरले फोन लावाचा आहे बरं.”

स्नेहल तिचा कप पुढे ठेवून बसली. शेजारी विक्की. आमची रीत होतीच, सगळ्यांनी शेजारच्यांचे कप फिरवले. विक्कीने हात पुढे केला. त्याने स्नेहलचा कप हळूच फिरवला आणि कान तिच्या डाव्या हाताकडे केला.

स्नेहल डावखुरी आहे. एवढ्या भेटी झाल्या, आम्ही सगळ्या कान उजवीकडे करत होतो. “कान तुमच्याकडे” म्हणायला तोंड उघडलेल्या बायका तशाच राहिल्या.

स्नेहलने कपाकडे बघितलं. मग बोटाने तो कप गर्रकन उलटा फिरवला. कान विक्कीकडे.

“हे सिरियलमधी जमते,” ती म्हणाली. “मले तोंडानं सांग.”

मंदाताईंनी माझा दंड असा धरला की वळ उठला.

विक्कीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. आई दारात, बाबा पेपराआड. “इथं? साऱ्याइसमोर?”

“साऱ्याइसमोर.”

तो कानापर्यंत लाल झाला. आणि अगदी बारीक आवाजात, जमिनीकडे बघत म्हणाला, “मले तू पाहिजे. नागपूरले नाई म्हन.”

टीव्ही बंद, रिमोट मंदाताईंच्या पर्समध्ये.

पेपराचं पान उलटलं आणि मागून बाबांचा आवाज आला, “आवाज वाढव.”