माझ्या वाट्याचं बोलणं

आमचे हे शिंपी. उभा जन्म बायकांचे कपडे शिवण्यात गेला, आणि गप्पा मारण्यात. दुकानात बघावं तर तोंडाचा पट्टा सतत चालू. कुणाच्या सुनेचं बाळंतपण, कुणाच्या नवऱ्याची बदली, सगळी विचारपूस. गिऱ्हाइकं हसून हसून बेजार. आणि घरी आले की 'हं' आणि 'बरं'. जेवायला वाढू? हं. मुलीचा फोन आला होता. बरं. त्या गिऱ्हाइकांचा मला असा राग यायचा म्हणून सांगू! माझ्या वाट्याचं बोलणं त्या फुकटात घेऊन जातात, असं वाटायचं. वाटायचं कशाला, होतंच तसं.

मग ह्यांना झटका आला. हातपाय वाचले, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, "त्यांना सगळं कळतं. शब्दही डोक्यात आहेत, जिभेवर येत नाहीत एवढंच." एवढंच म्हणे! दुकान बंद झालं. माणूस अखेर दिवसभर माझ्याजवळ, आणि तोंडातून अक्षर नाही. वा रे माझं नशीब!

मुलीने वाचाउपचाराचं क्लिनिक शोधलं. औषधांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. बाहेर खुर्च्या, आत टेबल, आरसा, चित्रांची कार्डं आणि कोपऱ्यात कान तपासायची कपाटाएवढी बंद खोली. कुठल्या इस्पितळाचं नव्हे, उपचार करणाऱ्या मॅडमचं स्वतःचं. फोन तीच घेणार, मुलांची खेळणी तीच पुसणार. वयाने आमच्या मुलीएवढी.

पहिल्याच दिवशी तिने ह्यांना विचारलं, "काका, पाणी हवं?"

"नको, आत्ताच प्यायलेत," मी म्हटलं.

"काका, कसे आलात आज?"

"बसने."

"काका, झोप लागते ना?"

"कसली लागते! रात्रभर कूस बदलतात."

मॅडम गोड हसली. "काकू, तुम्ही जरा बाहेर बसता?"

मला! लग्नाच्या बायकोला बाहेर! बसले मग खुर्चीत फणफणत.

पुढच्या वेळी तिने ह्यांच्या दुकानातल्या वस्तू मागवल्या. म्हणाली, "कार्डावरचं बदक बघून काकांना काय बोलावंसं वाटणार? त्यांच्या हातातलं काहीतरी हवं." मी टेप, खडू, बटणं पिशवीत भरून नेली. स्वतःच्या हातांनी भरली, हे लक्षात घ्या.

दार नीट लागत नाही तिथलं. फटीतून बघते तर हे उभे, आणि टेप तिच्या खांद्यापासून मनगटापर्यंत लावलेली! ती आपली हात लांब करून शांत. काही सुचवत नाही, घड्याळ बघत नाही. ह्यांचे ओठ वेडेवाकडे होतायत, चेहरा लाल. बाहेर मलाच घाम फुटला. अगं बाई, सांग ना त्यांना! पण ती ढिम्म.

"बा..." हे म्हणाले. "बा... ही. बाही!"

तिने टाळ्या वाजवल्या. बाहेर एक कानाचं मशीन लावलेली चिमुरडी होती, तिच्या आईनेही वाजवल्या. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. अंघोळीचं पाणी मी काढायचं, पथ्याचं मी रांधायचं, आणि पहिला शब्द हिच्या हाताला टेप लावून! मला कधी टेप लावली नाही ह्यांनी. "तुझं माप पाठ आहे," म्हणायचे. इतकी वर्षं मी ते कौतुक समजत होते.

घरी आल्या आल्या टेप ह्यांच्या हातात दिली आणि हात पुढे केला. "बोला. काय हे?" ह्यांनी ओठ हलवले. हलवले, हलवले... किती वेळ बघायचं माणसाने? "बाही हो, बाही!" मी ओरडले. ह्यांनी टेप गुंडाळली, टेबलावर ठेवली आणि गॅलरीत जाऊन पाठ करून बसले.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमला चांगलंच फैलावर घेतलं. "तुमच्याशी बोलतात, माझ्याशी नाही. काय जादू केलीत?"

ती रागावली नाही, त्याचाही मला राग आला. म्हणाली, "काकू, आज मी बाहेर बसते. तुम्ही दोघं आत. फक्त काका बोलेपर्यंत तुम्ही बोलायचं नाही. मानही हलवायची नाही." आणि खरंच दार ओढून गेली.

आम्ही समोरासमोर. मी दात आवळले, हात मांडीखाली दाबून धरले. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, आरशाकडे बघितलं, परत माझ्याकडे. ओठ हलले, थांबले. माझ्या जिभेवर दहा शब्द तयार होते, ह्यांनी फक्त निवडायचा होता. देवा, काय ती शिक्षा! आता म्हणतील 'अगं', आता म्हणतील निदान 'चहा'.

"ति... तिला," हे म्हणाले. "घाई... नसते."

बघा! इतक्या महिन्यांनी माझ्यासमोर तोंड उघडलं, ते तिचं कौतुक करायला! डोकंच फिरलं. चांगलं सुनावायला मी तोंड उघडलं, तर ह्यांनी बोट वर केलं. अजून काहीतरी होतं. मी तोंड मिटलं. ह्यांच्या मानेच्या शिरा ताणल्या.

"आज... तुला... पण."

उत्तर माझ्याकडे तयार होतं, नेहमीच असतं. पण ह्यांचं वाक्य संपलं की नाही, मला कळेना. मी तशीच बसून राहिले.