रिसेलमामांची पिवळी गाडी

वस्तू घरात येण्यापूर्वीच ती घरातून जाईल कशी, याचा विचार करणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला. नेरूळच्या आमच्या सोसायटीत त्यांना रिसेलमामा म्हणत. तोंडावर अर्थात नुसते मामा. फ्रिजच्या दारावरचे कंपनीचे स्टिकर त्यांनी कधी काढले नाही. सोफ्यावरचे आणि गाडीच्या सीटवरचे प्लास्टिक तसेच राहिले. घराच्या भिंतींना ते दर खेपेस एकच फिकट रंग देत आणि त्याला 'कोणाचीच हरकत नसलेला रंग' म्हणत. घर विकण्याचा त्यांचा मुळीच इरादा नव्हता. तरीही कधी काळी येऊ शकणाऱ्या एका अनोळखी गिऱ्हाइकाची मर्जी हा गृहस्थ वर्षानुवर्षे सांभाळत होता.

मामा गेले, तेव्हा सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. तीत आमचे सेक्रेटरी डोळे टिपत म्हणाले, "शेवटी शेवटी मामांच्या डोक्यावर जरा परिणाम झाला होता. नाहीतर असा माणूस स्वतःची गाडी पिवळीजर्द करील का?" हॉलभर माना हलल्या. मागून कोणीतरी पुस्ती जोडली, की ती कल्पना मुळात माझी होती, कारण सोसायटीतला रंगवाला मी. ही दोन्ही विधाने साफ खोटी आहेत. तसे सांगण्यासाठी मी उठलो, तोच चहा आला. माझ्या हाती माईक पडण्याच्या सुमारास चहा आणण्याची आमच्या सोसायटीची जुनी पद्धत आहे. लेखात मात्र चहा आडवा येत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

रंगवाला हे बिरुद मी नाकारत नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कारखान्यात कापडाचे रंग तयार करण्यात माझी सारी नोकरी गेली. माझे हातरुमाल कधी जांभळे असत, कधी हिरवे. रंग या विषयावर नेरूळमध्ये माझ्या पुढे बोलण्याचा अधिकार कोणाला नाही, अशी माझी प्रामाणिक समजूत होती आणि ती मी स्वतःपुरती कधीच ठेवली नाही.

मामांशी माझे वैर जडले ते याच विषयावरून. मामांना सोबत घेतल्याशिवाय शोरूमची पायरी चढायची नाही, असा आमच्या सोसायटीचा रिवाज होता. मामा बँकेच्या कर्जविभागातून निवृत्त झालेले; गाड्या येताना आणि जाताना त्यांनी पुष्कळ पाहिलेल्या. घरातले लहान मूल माहितीपत्रकातल्या लाल किंवा निळ्या गाडीवर बोट ठेवी. आईवडील कौतुकाने हसत. मग मामा घसा साफ करून विचारीत, "छान आहे. पण विकताना?" एवढ्यावर बोट उचलले जाई आणि पांढऱ्यावर, चंदेरीवर किंवा राखाडीवर येऊन टेके. हळूहळू आमच्या पार्किंगला एखाद्या इस्पितळाची कळा आली.

मोटारींचे रंग असे का विझले, याविषयी सोसायटीत मते अनेक. पांढरी गाडी उन्हात कमी तापते, असे सेक्रेटरी सांगत. मग तुमची काळपट राखाडी का, असे मी विचारले, की त्यांना मीटिंग आठवे. दुसऱ्या मजल्यावरचा इंजिनियर म्हणे, की कंपन्याच मोजके रंग काढतात. दुसरा मागितला तर महिनोन् महिने थांबवतात. यात तथ्य आहे. पण कंपनी काही झाले तरी खपते तेच काढते. माझे मत असे होते, आणि आहे, की माणूस आता गाडी स्वतःसाठी घेतच नाही. आपल्यानंतर ती घेणाऱ्या माणसासाठी घेतो आणि तोवर भाडेकरूसारखा तीत जपून बसतो. हे मी मामांना ऐकवले, तेव्हा ते आनंदाने म्हणाले, "अगदी बरोबर. मीही तेच सांगतो लोकांना." वाद घालण्यास इतका निरुपयोगी माणूस दुसरा नसेल.

आता माझ्या स्वतःच्या गाडीबद्दल. ती चंदेरी आहे. मामांनी ती माझ्या गळ्यात मारली, अशी कथा आमच्याकडे सांगतात. तीही खोटी. मी लाल गाडी घेणार, असे चार महिने साऱ्या सोसायटीला सांगितले होते. मामा शोरूममध्ये आले, पण त्यांनी त्या दिवशी चकार शब्द काढला नाही. फक्त एकदा लाल गाडीकडे पाहिले, एकदा माझ्याकडे, आणि खिशातून बडीशेप काढली. तेवढ्यात माझा धीर सुटला. मामांची होती तीच गाडी, त्याच चंदेरी रंगात, मी स्वतःच्या तोंडाने मागितली. घरी आल्यावर आमची सौ. म्हणाली, "चार महिने कान किटवलेत, आणि आणलीत काय तर पातेल्याच्या रंगाची!" तेव्हापासून मी रंगांच्या बाजूने अधिकच त्वेषाने बोलू लागलो.

याच काळात मामींची नजर जाऊ लागली. डोळ्यांच्या पडद्याचा विकार होता. अक्षरे गेली, मग चेहरे पुसट झाले. ढोबळ आकार आणि रंग तेवढे उरले. मामी उरणकडच्या, मोठ्या हिमतीच्या. त्यांची थोरली बहीण उरणजवळच मोऱ्याला राहते. तिच्याकडे अधूनमधून गेल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. कोणी हात धरलेला मात्र त्यांना मुळीच खपत नसे. निघताना मामा वर गॅस, नळ आणि कुलूप पुन्हा पुन्हा तपासत बसत. मामी तोवर एकट्या लिफ्टने खाली उतरून गाडीत जाऊन बसत. मामा पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून चावीचे बटण दाबून त्यांच्यासाठी दार उघडे करून ठेवीत. बसायचे मागे, कारण पुढच्या सीटवर माणूस बसला की ती दबते, असे मामांचे म्हणणे.

एके सकाळी मी सौ.ला घेऊन तुर्भ्याच्या बाजारात आंबे आणायला निघालो होतो. मी गाडीत बसून तिची वाट पाहत होतो. मागचे दार उघडले, मिटले. मी गाडी काढली. माझे चालवणे दिसू नये म्हणून सौ. नेहमी मागेच बसते, तेव्हा संशयाला जागा नव्हती. गाडी हमरस्त्याला लागताच मी माझा आवडता विषय काढला.

"या रिसेलमामांनी सोसायटीचं पार वाटोळं केलं," मी म्हणालो.

मागून "हं" आले.

"माणसाच्या डोक्यात सदा पुढचं गिऱ्हाईक. मागच्या सीटवर सख्खी बायको बसलीय, तिला काय हवं, ते विचारलंय का कधी?"

"हं."

सौ. चाळीस वर्षे मला हेच उत्तर देत आली असल्यामुळे मी उत्तेजित होऊन बोलतच राहिलो. सानपाड्याजवळ फोन वाजला. गाडी कडेला घेऊन मी तो उचलला. सौ. विचारत होती, "मी लिफ्टपाशी उभी आहे. तुम्ही कोणाला घेऊन गेलात?"

मी मागे वळून पाहिले. मांडीवर पिशवी घेऊन मामी शांतपणे बसल्या होत्या.

"वहिनी! तुम्ही?"

"मीच. पन भावजी, आमच्या गाडीत तुम्ही कसे? मला वाटलं, ह्यांनी तुम्हाला वाटेत सोडायचं कबूल केलं असंल. हे चालवताना बोलत न्हाईतच, म्हणून तुमचंच ऐकत बसले."

"म्हणजे... सगळं ऐकलंत?"

"ऐकलं की. बरंचसं खरं हाय." मग सीटवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "सीट आज वाजली न्हाई. मला वाटलं, ह्यांनी अखेर प्लास्टिक काढलं. बरं वाटलं जिवाला."

गडबडीत मी सौ.ला काही न सांगताच फोन ठेवला होता. परतलो तेव्हा मामा पार्किंगमध्ये एकेका चंदेरी गाडीच्या काचेला डोळे लावून मामींना शोधत होते. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. वातावरण हलके करावे म्हणून मी सीटची गोष्ट त्यांना सांगितली. ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या कचऱ्याच्या डब्यात सीटवरचे सगळे प्लास्टिक व्यवस्थित घड्या घालून ठेवलेले मी पाहिले.

पण व्हायचे ते झाले होते. मामींच्या डोळ्यांचे आमच्याखेरीज कोणाला ठाऊक नव्हते; गाडी चुकली म्हणून सोसायटी हसली. मी ती हकीकत जरा रंगवून सांगितली, त्याचाही त्यात वाटा असावा. मामींनी खाली उतरणे सोडले. मामांनी हात धरून नेतो म्हटले, तर त्या म्हणाल्या, "गुरासारखं धरून नेनार असाल, तर मी आपली घरातच बरी." बहिणीचे फोन येत, मामी पाय दुखतात म्हणून सांगत. त्यांचे पाय उत्तम होते.

महिनाभराने मामा माझ्याकडे आले. बसले नाहीत.

"तिला लांबून ओळखू येईल असा रंग गाडीला द्यायचाय," ते म्हणाले. "तुमची मदत हवी. भाषण नको."

इतक्या वर्षांनी विजय दारात उभा होता. भाषण मी केलेच. लाल हाच रंगांचा राजा, दुरून पहिल्याने डोळ्यांत भरतो तो लालच, हे सप्रमाण सिद्ध केले. मामा म्हणाले, "ठीक. पण ठरवील ती." मग त्यांनी एक युक्ती काढली. मामींच्या कपाटातल्या साड्या खाली आणायच्या, एकेक साडी गाडीवर पसरायची, आणि मामींनी लिफ्टच्या दारातून पाहायचे. आमचे पार्किंग इमारतीच्या पोटात आहे. भर दुपारीही तिथे अंधूकच असते. आम्ही दोघे म्हातारे टपावर साडी ताणून धरत होतो. वॉचमन थबकला. "काका, सेल लावला काय?"

पहिला मान अर्थात लाल साडीचा. मी मोठ्याने विचारले, "दिसते ना, वहिनी?"

"कुठं? मला तर काळंच कायतरी दिसतंय."

"नीट पाहा. लाल आहे ती."

"भावजी, डोळे माझे हायत."

अंधुक उजेडात लाल रंग काळवंडतो, ही गोष्ट मी नोकरीत असताना शिकाऊ मुलांना समजावून सांगत असे. त्या दुपारी ती मला आठवली नाही. मी आणखी थोडा वेळ मामींशी, त्यांना काय दिसते यावर, वाद घातला. मामा शांतपणे पुढच्या साडीची घडी मोडत होते. निळी गेली, हिरवी गेली. शेवटी भाच्याच्या हळदीला नेसलेली पिवळीजर्द साडी टपावर पडली आणि मामी मोठ्याने म्हणाल्या, "ती बघा! ती हाय आमची गाडी!" त्या लिफ्टच्या दारातून निघाल्या, कोणाला काही न विचारता गाड्यांच्या रांगेतून सरळ चालत आल्या आणि त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. मामांनी साडीचे टोक घट्ट धरून ठेवले होते.

तुर्भ्याच्या गॅरेजमधला पेंटर ती साडी पाहून चक्रावला. "काका, पिवळी? स्कूल बस चालवायचीय का? उद्या विकायला काढाल तर कोन हात पन नाय लावनार." मामांचेच आयुष्यभराचे तत्त्वज्ञान तो त्यांना ऐकवत होता. मी मामांकडे पाहिले. "विकायची नाहीये," मामा म्हणाले. "रंग असाच आला पाहिजे. साडी ठेवून घ्या, पण मळवू नका." पुढे आरटीओत जाऊन त्यांनी गाडीच्या कागदांवरही नव्या रंगाची रीतसर नोंद करून घेतली. डोक्यावर परिणाम झालेली माणसे इतकी शिस्तीत वागतात काय, याचे उत्तर सेक्रेटरींनी द्यावे.

गाडी रंगून आली तेव्हा सोसायटी पुन्हा हसली. मुले 'मामा, शाळेला सोडा' म्हणून तिच्यामागे धावत. मामांनी कोणालाही कारण सांगितले नाही, मलाही सांगू दिले नाही. "तिला दिसत नाही, हे गावभर कशाला?" एवढेच म्हणाले. लोकांनी आपल्याला वेडे ठरवले तरी चालेल, असे त्यांनी मनाशी ठरवले असावे. मी गप्प राहिलो. माझ्या चरित्रातला तो सर्वांत कष्टाचा काळ होय. आज हे उघड करतो आहे ते मामींच्या परवानगीने. त्या म्हणाल्या, "लिहा. पन लाल साडीचंही लिहा."

दोन पावसाळे मामा मामींना त्या गाडीतून मोऱ्याला नेत राहिले. तिसरा लागण्यापूर्वी ते छातीच्या दुखण्याने दोन दिवसांत गेले. गाडी जागेवरच उभी राहिली. मामी चालवू शकत नाहीत, मुलगा परगावी. मामांना मी शेवटचा भेटायला इस्पितळात गेलो होतो, तेव्हा आम्ही नेहमीप्रमाणे भांडलो नाही. ते एवढेच म्हणाले, "गाडी अधूनमधून सुरू करत जा." मी त्यांना 'वहिनींना मोऱ्यालाही नेईन' असे नको ते आश्वासन देऊन बसलो; नको ते म्हणण्याचे कारण, माझे चालवणे सौ.ला अजूनही पाहवत नाही.

गेल्या रविवारी मामींना बहिणीकडे जायचे होते. मी मामांची चावी घेऊन आधी खाली उतरलो आणि लिफ्टच्या समोर उभा राहिलो. लिफ्ट उघडली. मामी एकट्याच बाहेर आल्या, दोन पावले टाकून थांबल्या आणि समोर पाहू लागल्या. बराच वेळ त्या नुसत्याच पाहत राहिल्या. त्यांना आधार हवा आहे, हे माझ्यासारख्या जाणत्या माणसाच्या ध्यानात यायला कितीसा वेळ लागणार? मी पुढे होऊन हात दिला.

"भावजी," मामी म्हणाल्या, "जरा बाजूला व्हा. तुमच्यामुळं गाडी दिसत न्हाई."

मी बाजूला झालो.