सातवीतली सिगारेट

आमच्या गावात सिगारेट ओढणारी पहिली बाई मी. तेव्हा मी सातवीत होते. ओढायची तीही चोरून नव्हे, शाळेत, मोठ्या गुरुजींच्या खोलीत, आणि पेटवून द्यायचे ते स्वतः मोठे गुरुजी. एवढं सांगितलं की नातसुना हातातलं काम टाकून ऐकायला बसतात. पुढचं सांगायला मी जरा वेळ लावते, कारण पुढचं मला फारसं शोभणारं नाही.

मला दमा होता. बोर्ली पंचतनपासून दीड कोसावर समुद्रकाठी आमची कोळ्यांची वस्ती. आई सुकी मासळी विकायची, त्यामुळे घरात, अंगणात, पांघरुणातसुद्धा सुकटीचा वास. बोर्लीच्या डॉक्टरांनी आईला सांगितलं, हिला सुकटीपासून लांब ठेवा. आई म्हणाली, "मंग काय दर्यात ठेवू हिला?" शेवटी मुंबईला गोदीत कामाला असलेल्या मामाने औषधाच्या दुकानातून पत्र्याचा एक डबा आणला. आत दम्याच्या सिगारेटी. त्यात तंबाखू नसायचा, धोतऱ्याची वाळलेली पानं असायची. चार झुरके घेतले की छाती मोकळी व्हायची आणि घशाला कोरड पडायची. आजचे डॉक्टर हे ऐकून कपाळाला हात लावतात, पण तेव्हा तेच औषध होतं.

अडचण शाळेची होती. मोठे गुरुजी म्हणजे आमचे हेडमास्तर, खादीधारी माणूस. एका मुलाच्या खिशात विडी सापडली तेव्हा त्यांनी त्याला ती हातात धरून दिवसभर उन्हात उभं केलं होतं. अशा माणसासमोर आई मासळीची पाटी बाहेर ठेवून, डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन उभी राहिली.

"गुर्जी, पोरीला दम लागला तं ही वडू द्या. न्हायतर मी तिला घरी बशिवते. मराया न्हाय धाडायची मी शालंत."

गुरुजींनी चिठ्ठी दोनदा वाचली, डब्याचा वास घेतला आणि म्हणाले, "शंकराला धोतरा चालतो, तर शाळेलाही चालेल. डबा हिच्याजवळ राहील, काडेपेटी माझ्याजवळ. दम लागला की हिने सरळ माझ्या खोलीत यायचं. कोणाला विचारायचं नाही."

कोणाला विचारायचं नाही! हे वाक्य त्यांनी चुकीच्या मुलीपुढे उच्चारलं.

सुरुवातीला मी प्रामाणिक होते. पण महिनाभरात माझ्या लक्षात आलं की मी धापा टाकत उठले की सगळा वर्ग श्वास रोखून बघतो. गावातल्या बाया आईला हटकायच्या, "तुजी पोर शालंत शिगरेट वडते, व्हय गो?" आई खाली मान घालायची आणि मी वर करायचे. राख कशी झटकायची हे मी बोटीच्या एजंटाचं बघून शिकले होते. एकदा पायावर पाय टाकून बसले, तर गुरुजींनी नुसतं पायाकडे बघितलं. मी पाय खाली घेतला.

आणि मग होतं गणित. काळ-काम-वेगाची उदाहरणं सुरू झाली आणि मला तासाच्या सुरुवातीलाच दम लागायला लागला. पैशाचं सोंग आणता येत नाही म्हणतात. श्वासाचं आणता येतं, हे मी स्वानुभवाने सांगते. खांदे वर घ्यायचे, गळ्यातून बारीक शीळ काढायची, भिंत धरत जायचं. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट मला तोंडपाठ होती. त्या गोष्टीचा माझ्याशी काही संबंध असेल असं मात्र कधी वाटलं नाही. गुरुजी दर वेळी हातातलं काम ठेवून उठायचे, काडी ओढायचे आणि वाऱ्याने विझू नये म्हणून ओंजळ धरायचे.

पावसाळ्यात बोटी बंद असत आणि मामा एकदम नारळी पौर्णिमेला यायचा. डबा देताना आईने बजावलं होतं, "बाय, नारली पुनवेपावत पुरवायच्या हायत ह्या." पुनवेला दहा दिवस होते तेव्हा मी शेवटची सिगारेट ओढली, चाचणी परीक्षा चुकवायला. आई रोज सकाळी डबा हलवून बघायची. म्हणून मी शाळेतल्या खडूंचे तुकडे गणिताच्या वहीच्या कागदात गुंडाळले आणि डब्यात भरले. आवाज बरोबर आला. त्या वर्षी माझं बरोबर आलेलं तेवढंच गणित.

दोन दिवसांनी खरी उबळ आली. आभाळ भरून आलं होतं, हवा जड झाली होती. गणिताच्या मास्तरांनीच मला उचलून गुरुजींच्या खोलीत नेलं. मला ओरडून सांगायचं होतं, डबा उघडू नका. पण शब्दाला लागणारा श्वास नव्हता. गुरुजींनी घाईघाईत डबा उघडला, एक गुंडाळी माझ्या ओठांत दिली आणि काडी लावली. कागद भसकन पेटला. त्यांनी ती झटकन ओढून जमिनीवर टाकली. कागद अर्धा जळला आणि आतून पांढरा खडू बाहेर आला. उरलेल्या कागदावर माझं चुकलेलं उदाहरण होतं, लाल फुलीसकट.

त्यांनी ते उचलून वाचलं आणि खिशात टाकलं. खुर्चीला बांबू बांधून दोघा गड्यांनी मला चिखलातून बोर्लीला डॉक्टरांकडे नेलं. वाटेत पाऊस लागला. गुरुजी माझ्यावर छत्री धरून शेजारून पळत होते आणि स्वतः चिंब भिजले होते. मी मरते आहे असं मला वाटत होतं, आणि त्याहून जास्त भीती डॉक्टर डबा मागतील याची वाटत होती. इंजेक्शन दिल्यावर तासाभराने छाती सुटली.

आई धावत आली तेव्हा गुरुजींनी एवढंच सांगितलं, "सिगारेटी संपल्या होत्या." आईने कपाळ बडवून घेतलं. "माजीच चूक गो बाय. म्याच कमी मागिवल्या. डबा नुस्ता हालवला, उगडून बगितला न्हाय." मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. ती वारली तोवर मी तिला खरं सांगितलं नाही. आयुष्यात पुष्कळ मूर्खपणा केला, त्यातल्या बहुतेकाचं मला हसू येतं. याचं येत नाही.

पुनवेला मामा नवा डबा घेऊन आला. आता परवानगी गेली आणि शाळाही गेली, असं धरूनच मी तो गुरुजींच्या टेबलावर ठेवला. त्यांनी एक सिगारेट काढून नीट बघितली, परत ठेवली आणि डबा माझ्या हातात दिला. "नियम तोच," म्हणाले. त्यानंतर काळ-काम-वेगाची सगळी उदाहरणं मी वर्गात बसून, मन लावून चुकवली.

दिवाळीच्या आधी एका दुपारी पुन्हा उबळ आली, अगदी खरी. भिंत धरत मी त्यांच्या दारात पोहोचले. गुरुजी लगेच उठले, खणातून काडेपेटी काढली आणि थांबले. माझ्या तोंडाकडे बघितलं, वरखाली होणाऱ्या खांद्यांकडे बघितलं. खरं आहे, गुरुजी, एवढंच मला म्हणायचं होतं, आणि ते म्हणता येत नव्हतं. मग त्यांची नजर माझ्या डोक्यावरून मागे भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे गेली. तिकडे त्यांनी आधी कधीच बघितलं नव्हतं.

तास इतिहासाचा होता. तेवढं वाचून झाल्यावर त्यांनी काडी ओढली.