न चावलेली चप्पल

नवी चप्पल पहिले काही दिवस चावणारच, हे आमच्या घरात ठरलेलं होतं. आबा, म्हणजे आमचे वडील, नवा जोड आणला की आतून एरंडेल चोळायचे, रात्रभर मुरू द्यायचे आणि मग आम्हा भावंडांना घालायला द्यायचे. संध्याकाळी पाय पुढे करायला लावायचे. अंगठ्याजवळ फोड दिसला की त्यांना बरं वाटायचं. "आता बसंल पायात," म्हणायचे.

भाचीच्या लग्नात दादानं, माझ्या थोरल्या भावानं, असाच कडक जोड घेतला होता. नव्या चपला घातलेले सगळेच दुपारपर्यंत लंगडायला लागले. वहिनीनं तर अक्षता पडल्याबरोबर रबरी स्लिपर चढवल्या. दादा मात्र करकर वाजवत मांडवभर फिरत होता.

"मला चावलीच न्हाय की," त्यानं व्याह्यांना पाय दाखवला.

"पावणं, तुमास्नी भ्याली असंल ती," व्याही म्हणाले, आणि सगळे हसले. मीही हसले. माझ्या हातात आहेराची, पंगतींची आणि परतीच्या गाड्यांची यादी होती. मी एकेक काम खोडत पुढं निघाले.

आठवड्याभरानं दादा वारणानगरकडच्या आमच्या गावाहून काही कामासाठी कोल्हापुरात आला आणि माझ्याकडे डोकावला. फरशी नुकतीच पुसून झाली होती. त्यानं दारात त्याच नव्या चपला काढल्या, आत येऊन खुर्चीत बसला आणि चहा टाक म्हणाला. मी कप घेऊन बाहेर आले तर उंबऱ्यापासून खुर्चीपर्यंत पावलं उमटलेली. लाल. फक्त उजव्या पायाची.

गौरी आणताना आम्ही उंबऱ्यापासून आत अशीच कुंकवाची पावलं काढतो. क्षणभर मला तेच आठवलं, आणि घरात आणखी कुणीतरी आलंय असं वाटून मी मागं वळून पाहिलं.

"दादा, पायाला काय लागलंय?"

"कुठं काय?" म्हणत त्यानं पाय मांडीवर घेतला आणि दुसऱ्या कुणाचा असावा तसा बघत राहिला. अंगठ्याच्या बुडाशी, जिथं चपलेचा पट्टा येतो, तिथली कातडी गेली होती. आतलं मांस काळपट पडलं होतं. वास मला आला, त्याला आला नाही.

दादाला साखरेचा आजार बऱ्याच वर्षांचा. गोळी रोज घ्यायचा. गोड सोडलंय असं सांगायचा, पण चहातली साखर त्याच्या लेखी गोडात येत नव्हती.

मी त्याला त्याच दुपारी डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण बाई होत्या. जखम बघून झाल्यावर त्यांनी दादाला डोळे मिटायला सांगितले आणि हातात नायलॉनचा एक ताठ दोरा घेतला. मी टोचीन तिथं 'हो' म्हणा, म्हणाल्या. मग तळव्यावर, टाचेवर, एकेका बोटावर दोरा टेकवत गेल्या. प्रत्येक वेळी तो वाकत होता, इतका दाब होता. दादा गप्प. दोन्ही पाय झाले. त्यांनी दोरा खाली ठेवला.

दादा डोळे मिटूनच म्हणाला, "करा की सुरू."

डॉक्टर माझ्याकडे बघत होत्या. मी दादाच्या खांद्यावर हात ठेवला. तो मात्र त्याला लगेच कळला.

पाय वाचेल की नाही हे आठ-दहा दिवसांत कळणार होतं. दादाला दाखल केलं. मी रोज डबा घेऊन जायची. एकदा डॉक्टर थोड्या मोकळ्या दिसल्या तेव्हा मी विचारलं, इतक्या पिढ्यांनी वापरून बघितलेलं हे शरीर, त्यात अशी खोट राहिलीच कशी? त्यांनी नीट समजावलं. काटा टोचलेला ज्यांना कळत नव्हता ती माणसं लवकर गेली. ज्यांना कळलं त्यांची आपण लेकरं. दुखणं हा वारसा आहे, राखणदार आहे. पोटात पडलेलं साठवून ठेवणं हाही बहुधा वारसाच, हा अंदाज आहे, सगळ्यांना पटलेला नाही, असंही त्या म्हणाल्या. उपासमारीत साठवणारे तगले असावेत. ते शरीर आपल्याकडे आलं, आणि न येणाऱ्या दुष्काळासाठी अजून साठवतंय. रक्तात साखर चढती राहिली की पायाच्या नसा मरतात. म्हणजे जुन्या भुकेची सोय जुन्या राखणदाराला मारते.

"मग ही खोट गळून का नाही पडली?"

"पोरं व्हायच्या आधी नडली असती तर पडली असती," त्या म्हणाल्या. "ही नडते पन्नाशीत. तोवर वारसा देऊन झालेला असतो."

मी पन्नाशी ओलांडलेली आहे. रिकामा डबा घेऊन घरी येताना मनात आलं, आपण आता ज्या वयात राहतोय, तिथं आधी कुणी झाडून ठेवलेलंच नाही.

आणि आबा आठवले. शेवटच्या वर्षी त्यांच्या तळव्यात बाभळीचा काटा मोडला होता. आईनं पाय धुताना बघितला. त्यांना पत्ता नव्हता. आबांचे पाय म्हणजे कातडंच झालंय, असं आम्ही कौतुकानं सांगत होतो. त्या पायाची जखम भरली नाही, आणि आबा गेले.

दादाचा पाय वाचला. अंगठा गेला. कोल्हापुरी चप्पल अंगठ्याच्या जोरावर पायात राहते, तेव्हा तीही गेली. आता तो पट्ट्यांचे मऊ बूट घालतो आणि वहिनी रोज त्याचे तळवे बघते. तो जोड माझ्याच दारात राहिला. "टाकून दे की," दादा म्हणाला. मी अजून टाकलेला नाही. कधीकधी भरदुपारी उंबऱ्याशी करकर ऐकू येते. मी बाहेर येऊन फरशी बघते. फरशी कोरडी असते.

माझी साखर काठावर आहे. तपासण्या वेळेवर करते, डॉक्टर दोऱ्यानं पाय बघतात, मी डोळे मिटून 'हो' म्हणते. तरी परवा चपलांच्या दुकानात गेले. दुकानदारानं मऊ जोड पुढं केला.

"ही घ्या ताई. अजिबात चावायची न्हाय."

"चावणारी द्या," मी म्हणाले.

त्यानं थट्टा समजून हसत कडक जोड काढला. मी तिथंच पायात घातला आणि दुकानाच्या दारापर्यंत चालून परत आले. अंगठ्याच्या बुडाशी कातडं लागलं. मी पाय काढून बघितला. थोडंसं लाल झालं होतं.

"बांधून द्या," मी म्हणाले.